औषधांनंतरचा दिवस

स्किझोफ्रेनियावरची औषधं लागू पडली की घरात बऱ्याच दिवसांनी शांतता येते. कानात ऐकू येणारे आवाज थांबतात, शेजारी पाळत ठेवून आहेत हा संशय विरतो, रात्रीची झोप लागू लागते. आईवडील सुटकेचा निःश्वास टाकतात. पण काही आठवड्यांत नवी तक्रार सुरू होते. ‘आता तर बरा झालाय, मग अकरा वाजेपर्यंत लोळत का पडतो? अंघोळीसाठी चार वेळा सांगावं लागतं. मित्र नाहीत, नोकरी नाही, काही विचारलं तर हो-नाहीच्या पुढे बोलत नाही.’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा गोळीचा डोस वाढवण्यात नसतं. त्या माणसाचा दिवस पुन्हा उभा करावा लागतो. हे काम करणारी सेवा म्हणजे मानसिक आरोग्याचं डे केअर सेंटर. सकाळी यायचं, दिवसभर इतरांबरोबर काही करायचं, संध्याकाळी घरी परतायचं. वरवर साध्या दिसणाऱ्या या व्यवस्थेमागे साठ-सत्तर वर्षांचं संशोधन आहे. पण तिथे नेमकं काय मिळतं, हे फार थोड्या कुटुंबांना माहीत असतं.

आधी आजार समजून घेऊ. स्किझोफ्रेनियाची लक्षणं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. भास आणि भ्रम ही सहज नजरेत भरणारी. इच्छा, उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव आटत जाणं हा दुसरा प्रकार. याला नकारात्मक लक्षणं म्हणतात. तिसरा प्रकार आकलनाचा. लक्ष टिकत नाही, सांगितलेली दोन कामं क्रमाने आठवत नाहीत, दिवसाची आखणी जमत नाही. सध्याची बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कामावर परिणाम करून पहिला प्रकार आटोक्यात आणतात. उरलेल्या दोन प्रकारांवर त्यांचा प्रभाव बराच कमी पडतो. घरच्यांना जो आळस वाटतो, तो पुष्कळदा आजाराचाच मागे राहिलेला भाग असतो. त्यात कधी औषधाची गुंगी किंवा नैराश्यही मिसळलेलं असतं, म्हणून ते डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. ओरडून किंवा टोमणे मारून मात्र तो जात नाही.

रिकाम्या वेळाचं संशोधन

ब्रिटनमधले मनोविकारतज्ज्ञ जॉन विंग आणि समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या तीन मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहिलेल्या स्किझोफ्रेनियाच्या स्त्री-रुग्णांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांनी या स्त्रियांच्या दिनक्रमाची बारकाईने नोंद ठेवली. किती वेळ कामात जातो, किती वेळ कोणाशी बोलण्यात, किती वेळ नुसतं बसून. त्यांचा निष्कर्ष १९७०मध्ये पुस्तकरूपाने आला. ज्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली, त्यांच्या बाबतीत सगळ्यात ठळकपणे पुढे आलेला घटक होता ‘काहीही न करण्यात’ जाणारा वेळ कमी होणं. आसपासचं वातावरण जितकं दरिद्री, तितकी माणसं अबोल आणि निष्क्रिय.

हे मनोरुग्णालयाच्या भिंतींआडचं झालं. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दार लावून बसलेल्या तरुणाचा दिवसही तितकाच रिकामा असू शकतो. अतिशय गजबजलेली, ताण देणारी जागा या आजारात मानवत नाही, तशीच पूर्ण निष्क्रियताही मानवत नाही. मधला मोजका, झेपेल एवढा दिनक्रम हवा. डे केअर तो देतं.

घरातले पस्तीस तास

दुसरा धागा घराच्या वातावरणाचा. रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी कोणाचा आजार उलटतो, याचा मागोवा ब्राऊन यांनीच घ्यायला सुरुवात केली होती. पुढे क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६मध्ये लंडनमधल्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा टोकाची काळजी होती, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. औषधं नियमित घेणाऱ्यांतही हा फरक दिसला. अशा घरात राहून औषधं घेणाऱ्यांमध्ये, आठवड्याला पस्तीस तासांहून जास्त वेळ समोरासमोर घालवणाऱ्यांपैकी ५३ टक्के जणांचा आजार नऊ महिन्यांत उलटला, तर त्याहून कमी वेळ घालवणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. औषधंही नाहीत आणि समोरासमोरचा वेळही जास्त, अशांमध्ये ते ९२ टक्क्यांवर गेलं. आजार घरच्यांच्या वागण्यामुळे होत नाही, हे इथे ठामपणे सांगायला हवं. पण थकलेल्या, घाबरलेल्या घरात चोवीस तास एकमेकांसमोर राहणं दोघांनाही झेपत नाही. सकाळी दहा ते दुपारी चार असं पाच दिवसांचं केंद्र आठवड्याचे तीस तास मोकळे करतं. त्या वेळात आई बँकेत जाते, वडील झोप काढतात, संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी नवं असतं.

भारताबद्दलची एक नोंद आशा वाढवणारी आहे. १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या अभ्यासात असं तणावाचं वातावरण साधारण २३ टक्के कुटुंबांतच आढळलं. लंडनमध्ये ते याच्या दुपटीच्या आसपास होतं. आपल्याकडचं कुटुंब ही मोठी ताकद आहे. पण काळजीचा भार एकट्या आईवर किंवा बहिणीवर पडला, तर ती ताकद फार काळ टिकत नाही.

केंद्रातला दिवस

महाराष्ट्रात पुण्याला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं केंद्र आहे, ठाण्यात आयपीएच संस्थेचा ‘त्रिदल’ उपक्रम आहे. इथे येणाऱ्याला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तपशील जागेनुसार बदलतो, पण चांगल्या केंद्राचा साचा साधारण सारखा असतो.

सुरुवात मुलाखतीने होते. आजाराचे कागद, चालू गोळ्या, आधीचं शिक्षण, नोकरी, आवडीनिवडी विचारल्या जातात. शुभार्थीला स्वतःला काय हवंय, हे वेगळं विचारलं जायला हवं. वडिलांना मुलाची नोकरी हवी असते आणि मुलाला आधी एकट्याने बसमध्ये बसायची भीती घालवायची असते, असं नेहमी घडतं. त्यावरून छोटी उद्दिष्टं ठरतात. पहिला महिना वेळेवर येणं, दुसऱ्या महिन्यात गटात दोन वाक्यं बोलणं, पुढे दुकानात जाऊन हिशेबाने पैसे परत आणणं.

दिवसाला वेळापत्रक असतं. व्यायाम किंवा योगासनं, वर्तमानपत्राचं वाचन, गटचर्चा, दुपारचा एकत्र डबा, मग कागदी पिशव्या, पणत्या रंगवणं, खाद्यपदार्थ किंवा संगणकाचं काम. पाहणाऱ्याला हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटेल. पण पिशवी चिकटवताना क्रम लक्षात ठेवावा लागतो, शेजाऱ्याकडे डिंक मागावा लागतो, काम संपेपर्यंत बसावं लागतं. आजाराने जे आकलन आणि संवाद दुबळे केले, त्यांचाच हा सराव आहे. डबा खाताना कोणाचा हात थरथरतो, कोणाचं वजन वाढलंय, कोण दोन दिवस झोपलेला नाही, हेही सामाजिक कार्यकर्त्याच्या लक्षात येतं. झोप उडणं, अंघोळ टाळणं, संशय वाढणं, गोळ्या चुकवणं या आजार उलटण्याच्या पूर्वखुणा. त्या वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचल्या तर पुष्कळदा भरती टळते. जोडीला कुटुंबांच्या बैठका होतात. तिथे आपल्यासारखीच दुसरी माणसं भेटतात, हा शुभंकरांना मिळणारा मोठा आधार.

अपेक्षा कोणती ठेवावी?

पहिले काही आठवडे ‘मला जायचं नाही’ हे ऐकण्याची तयारी ठेवा. एखाद-दोन तासांपासून सुरुवात करून वेळ वाढवता येतो. प्रगती महिन्यांत आणि वर्षांत मोजायची असते. ती दिसते ती स्वतःहून दाढी करण्यात, कोणाचा तरी वाढदिवस लक्षात ठेवण्यात. मध्येच आजार उलटला तर सगळं वाया गेलं असं नव्हे. बरा झाल्यावर त्याच जागी परत येता येतं.

डे केअर म्हणजे वॉर्ड नव्हे. आत्महत्येचे विचार, हिंसक आवेग किंवा आजाराचा तीव्र झटका असेल तर आधी रुग्णालय गाठायचं. डे केअर सुरू झालं म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत. आणि ‘ती घरकाम करते ना, तिला कशाला पाठवायचं’ असं म्हणून मुलींना मागे ठेवायचं नाही. मैत्री, कमाई, घराबाहेरचं जग यांची तिलाही तेवढीच गरज आहे.

केंद्रात वर्षानुवर्षं पणत्याच रंगवत बसणं हेही अंतिम ध्येय असू नये. युरोपातल्या सहा शहरांत ३१२ जणांवर झालेल्या आणि २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला आधी प्रशिक्षण, मग नोकरी असा नेहमीचा मार्ग दिला गेला. दुसऱ्या गटाला थेट खऱ्या नोकरीत लावून तिथेच मार्गदर्शकाची साथ दिली गेली. पहिल्या गटातल्या २८ टक्के जणांना काम मिळालं, दुसऱ्यातल्या ५५ टक्क्यांना. म्हणून केंद्र निवडताना विचारा: इथून बाहेर कामाला गेलेले किती? त्यांना नंतर कोण साथ देतं? आपत्काळी कोणत्या डॉक्टरांशी संपर्क आहे? शुल्कात सवलत मिळते का? शुभार्थींना वेळापत्रक ठरवण्यात बोलू दिलं जातं का?

गावात केंद्र नसेल तर

मोठी अडचण अंतराची आहे. गडहिंग्लजच्या किंवा किनवटच्या माणसाने रोज पुण्या-मुंबईला कसं यायचं? यावर एक उत्तर आपल्याच मातीत तपासलं गेलंय. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे २८२ जणांचा समावेश असलेला अभ्यास २०१४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवलं गेलं. उपचार डॉक्टरांचे, पाठपुरावा आणि पुनर्वसन या कार्यकर्त्यांचं. वर्षभराने त्यांच्या मदतीतल्या लोकांची लक्षणं आणि अडचणी नुसत्या बाह्यरुग्ण उपचारांवर असलेल्यांपेक्षा कमी झालेल्या आढळल्या. फरक माफक होता, पण खरा होता.

कायदाही या बाजूने उभा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७मध्ये झाला आणि मे २०१८पासून लागू आहे. त्याच्या कलम १८मध्ये सरकारने द्यायच्या सेवांत रुग्णालयाशी आणि समाजाशी जोडलेल्या पुनर्वसन केंद्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असून, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर अनेक सवलती मिळतात. सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

हे हक्क मागितल्याशिवाय कागदावरून उतरणार नाहीत. आपल्या घरात किंवा शेजारी असा रिकामा दिवस काढणारं कोणी असेल, तर या आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा आणि पुनर्वसनाची सोय कुठे आहे ते विचारा. नसेल तर लेखी मागणी द्या, शक्य असेल तर चार कुटुंबांनी मिळून द्या. औषध मिळण्याचा हक्क आपण मान्य केला आहे. त्या औषधानंतर जगण्याजोगा दिवस मिळणं, हाही तितकाच उपचाराचा भाग आहे.