खोटं वाटलं तर म्हणा, ‘दाखवा!’



झड लागली की शेतात वापसा राहत नाही. कोळपणी थांबते, फवारणी थांबते आणि घरातली माणसे ओसरीवर जांभया देत बसतात. अशा वेळी लहानथोरांनी मिळून खेळावा असा एक खेळ सांगतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू, चिली या देशांत तो खेळतात. तिकडे त्याला ‘दुदो’ म्हणतात, म्हणजे ‘मला शंका आहे’.

फासा म्हटले की वडीलधाऱ्यांना शकुनी आठवतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून पहिला नियम असा, की पैसा लावायचा नाही.

सापशिडीत असतात तसे फासे प्रत्येकाला पाच द्या आणि एकेक स्टीलचा पेला द्या. सर्वांनी फासे पेल्यात खुळखुळवून पेला पालथा घालावा. आपले फासे आपणच चोरून पाहावेत. मग पहिल्याने बोली करावी. ‘चार पंजे’ म्हणजे सगळ्या पेल्यांखाली मिळून निदान चार पंजे आहेत. पुढच्याने बोली चढवावी. एक तर संख्या वाढवावी किंवा तीच संख्या ठेवून पंज्याचा छक्का करावा. बोली थाप वाटली तर ‘दाखवा!’ म्हणावे. मग सगळे पेले उचलून मोजायचे. बोलीइतके किंवा जास्त भरले, तर शंका घेणाऱ्याचा एक फासा गेला. कमी भरले, तर बोली करणाऱ्याचा गेला. ज्याचा फासा गेला त्याने पुढचा डाव सुरू करावा. फासे संपले तो बाद, शेवटी उरेल तो जिंकला.

यात नशिबापेक्षा हिशेब मोठा. आम्ही चौघे खेळत होतो, म्हणजे फासे वीस. मी ठोकून दिले, ‘आठ पंजे!’ सूनबाई नवी होती, मला उलट बोलायला बिचकत असे. तिच्याकडे दोन पंजे होते. उरलेल्या १५ फाशांत सहावा हिस्सा धरला, तर दोन-तीन पंजे यावेत. आठ भरायला सहा हवेत. असे १०० वेळांत तीनदाही होत नाही. ती हळूच म्हणाली, ‘मामा, दाखवा!’ मोजले तर चारच. माझा फासा गेला आणि घरभर हसू झाले.

त्याच हंगामात सोयाबीन घ्यायला एक व्यापारी दारी आला. पोत्यात हात घालून म्हणाला, ‘ओलावा १५ टक्के आहे, भाव कापावा लागेल.’ मी अधिकारी माणूस, पण भिडेखातर मान डोलावणार होतो. सूनबाईने मात्र चार दिवस कडक उन्हात माल वाळवला होता. ती दारातूनच म्हणाली, ‘शेठ, मीटर लावून दाखवा.’ मीटरवर १२ निघाले. कपात टळली.

शंका उगीच घेतली तर आपलाच फासा जातो, हेही खेळ शिकवतो. म्हणून आधी आपल्या पेल्याखाली काय आहे ते पाहावे, बाकीचा अंदाज बांधावा आणि मगच तोंड उघडावे. पण हिशेब जमला, तर समोर सासरा असो की शेठ, ‘दाखवा’ म्हणायला लाजू नये.

येत्या झडीत पेले काढा. पहिली बोली घरातल्या सर्वांत धाकट्याला करू द्या.