पिवळा रंग : पिवडी की ऑईल पेंट?

दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत हा विषय निघतोच : "ताई, घराला पिवळा द्यायचाय, कुठला घेऊ?" आपल्यापुढे पिवळे दोन असतात. एक चुन्यात कालवायची पिवडी आणि दुसरा डब्यातला चकचकीत ऑईल पेंट.

पिवडी म्हणजे पिवळी माती. तिला रंग येतो तो मातीतल्या लोखंडामुळे. चुना रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि त्यात पिवडी व थोडा डिंक कालवायचा. हा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणून आधी हातभर जागा रंगवा आणि दुसऱ्या दिवशी बघून ठरवा. चुना भिंतीतली ओल बाहेर पडू देतो, त्यामुळे जुन्या भिंतीला तो मानवतो. पण पाठ टेकली की कपड्याला लागतो आणि पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. कालवताना डोळे जपा. चुना डोळ्यात उडालाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

ऑईल पेंट पुसता येतो, म्हणून दारं-खिडक्यांना बरा. ओलीच्या भिंतीवर मात्र त्याला फुगे येतात, पोपडे निघतात. आणि काळजीची गोष्ट इथेच आहे. भडक पिवळ्यासाठी पूर्वीपासून शिशाचा रंग वापरला जातो. पोपड्यांची धूळ लेकरांच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातो. शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं. ते थोडं असलं तरी चालतं, असं नाही.

आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात १० लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. डब्यावर तसं छापावंही लागतं. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. सुटा, बिनलेबलचा रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

दारावरचा जुना पिवळा ऑईल पेंट कोरडा घासू नका. आधी पाणी मारा, तोंडाला फडकं बांधा, खरवड गोळा करा आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. गरोदर बाईने आणि लेकरांनी तिथे थांबू नये.

थोडक्यात, भिंतीला पिवडी, दाराला लेबल वाचून घेतलेला ऑईल पेंट. पुढच्या बैठकीला येताना घरातला रंगाचा डबा घेऊन या, सगळ्या मिळून लेबल वाचू.