एका कोयत्याचा दिवस

कोयता म्हणजे हत्यार आणि कोयता म्हणजे नवरा-बायको. साखर कारखान्याच्या बोलीत माझे दादा आणि वहिनी मिळून एक कोयता होतात. एकटा गडी असला तर अर्धा. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. दिवाळी झाली की माझा निम्मा वर्ग आईबापांमागं ऊसतोडीला निघून जातो. दादा-वहिनीही जातात. यंदा जानेवारीत रजा टाकून मी त्यांच्या तळावर गेलो, कृष्णाकाठी, घरापासून तीनशे किलोमीटरवर. माझ्या डी.एड.ची फी दादानं उचल, म्हणजे पुढच्या तोडीवरची आगाऊ मजुरी, घेऊन भरली होती. त्यामुळं हा दिवस मला लांबून बघता आला नाही.

पहाटे 3

वहिनी उठलेली. बाया गडीमाणसांच्या आधी उठतात, कारण तळावर संडास नाही आणि अंधार फार वेळ टिकत नाही. तिघी-चौघी मिळून ओढ्याकडं जाऊन येतात, मग चुली पेटतात. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर ओढलेली ताडपत्री. आत शिरताना कमरेत वाकावं लागतं. पाणी शेतमालकाच्या मोटारीचं, तेही लाइट असेल तेव्हा. वहिनीनं बाजरीच्या अकरा भाकरी थापल्या, ठेचा केला, पाच वर्षांच्या पोराला झोपेतच स्वेटर घातला. "भावजी, च्या घ्या, मग दिवसभर न्हाई मिळायचा," म्हणाली.

साडेचार

रिकाम्या ट्रॉलीत बसून फडाकडं. टोळीत नऊ कोयते. पोरं गोधड्यांत गुंडाळलेली, बाया कोयत्यांवर पाय ठेवून बसलेल्या.

सहा ते साडेनऊ

दिसायला लागायच्या आधीच तोड सुरू झाली. दादा बुडातून ऊस तोडतो, शेंडा उडवतो आणि मागं टाकतो. वहिनी पाचट साळते, ऊस गोळा करते, वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याचा, पिळा करून मोळी बांधते. पानांवर दव असतं, त्यामुळं तासाभरात दोघं छातीपर्यंत भिजली. उसाच्या पानाला बारीक कूस असते. ती बोटांत, मानेवर, पापण्यांच्या कडेला शिरते आणि घाम आला की आग होते. वहिनी दादाचा जुना शर्ट साडीवर घालते. सगळ्याच बाया घालतात. हातमोजे कुणाकडं नाहीत. मीही थोडा वेळ ऊस तोडून बघितला. वीस मिनिटांत तळहाताला फोड आला. दादानं न बोलता माझ्या हातातला कोयता काढून घेतला.

झोळीतली एक तान्ही रडत होती. तिची आई चार सऱ्यांपलीकडं होती. मोळी पुरी बांधून मगच ती आली.

दहा वाजता भाकरी. बांधावर बसल्या बसल्या दादानं हिशेब सांगितला. तो त्याला तोंडपाठ आहे.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण 366 रुपये झाला. त्याआधी संप झाले, लवाद बसला. दादा-वहिनी दिवसाला पावणेदोन टन तोडतात, म्हणजे दोघांचे मिळून 640 रुपये. पण हा पैसा हातात येत नाही. तो उचलीत वळता होतो. दादानं पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, एक लाख उचलले. त्यातून विहिरीचं देणं भागवलं, पोरीच्या दवाखान्याचं भागवलं, आणि श्रावणात घरात दाणा नव्हता तेव्हा किराणाही त्यातूनच आला. लाखाला 273 टन. पावणेदोन टनांनी 156 दिवस, एकही खाडा न करता. गाळप शंभर-सव्वाशे दिवसांत आटोपतं. उरलेलं पुढच्या वर्षावर जातं आणि पुढच्या वर्षी याच मुकादमाकडं यावं लागतं. मी शाळेत गणित शिकवतो. हे उदाहरण सोडवल्यावर उत्तर म्हणून पैसे येत नाहीत, पुढचा हंगाम येतो.

साडेबारा

ऊन चढलं. वहिनी कमरेवर हात ठेवून मटकन खाली बसली. क्षणभरच.

अठ्ठाविसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली. पाळीत अंगावर फार जायचं, पोट दुखायचं. फडात आडोसा नाही, कापड बदलायला जागा नाही, आणि कामावर गेली नाही तर खाड्याचा दंड वेगळा. खाडा म्हणजे मजुरी बुडते आणि वर पैसे कापले जातात. जिल्ह्यातल्या एका खाजगी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर होईल. त्यानं दुसरी कुठली तपासणी केली नाही. ऑपरेशनला पैसे लागले, तीही उचलच. तेव्हापासून कंबर, सांधे, रात्रीचा घाम आणि कारण नसताना येणारं रडू. मी तिचा धाकटा दीर. मला हे कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. आमच्याकडं दिराशी असलं बोलत नाहीत. दादानं सांगितलं, तेही मान खाली घालून.

2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे सहाजणींत एक. देशभराचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यात हे ऑपरेशन करता येत नाही असा नियम आला. नियम चांगला आहे. पण तो डॉक्टरच्या दारात उभा राहतो. वहिनीला त्या दारापर्यंत ढकलत नेलं ते खाड्यानं. खाडा आजही लागतो.

दोन वाजता

पोरासाठी मी थंड पेयाची बाटली नेली होती, पाव लिटरची. तो पीत होता तेव्हा लेबल वाचलं. शंभर मिलीलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर, म्हणजे बाटलीत सव्वीस ग्रॅम. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठी बातमी छापली होती. उचलीचं कर्ज, लहान वयातली लग्नं, गर्भपिशव्या हे सगळं जिथं चालतं, तिथल्या कारखान्यांची साखर कोका-कोला आणि पेप्सिकोकडं जाते, असं त्यात होतं. सक्तीची मजुरी खपवून घेणार नाही, असं दोन्ही कंपन्यांच्या पुरवठादारांसाठीच्या नियमांत लिहिलेलं आहे.

बांधावर बसून मी हिशेब केला. एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते. तोडणीचे 366 रुपये त्यावर वाटले तर किलोला 3 रुपये 66 पैसे. सव्वीस ग्रॅमला साडेनऊ पैसे. दादा-वहिनीची मजुरी दुप्पट केली आणि तिचा सगळा भार त्या बाटलीवर टाकला, तरी बाटली दहा पैशांनीसुद्धा महागणार नाही. खाडा बंद करायला, तळावर पाणी आणि संडास द्यायला, उचलीऐवजी आठवड्याला पगार द्यायला याहून कितीसं जास्त लागेल? परवडत नाही असं जो म्हणतो, त्यानं हे गणित माझ्यासमोर मांडून दाखवावं.

चार वाजता

चिटबॉय मोटारसायकलवरून आला. कारखान्याचा माणूस, पंचविशीचा, बोलायला भला. मी विचारलं, ही माणसं कुणाची?

"सर, आमचा करार वाहतूकदाराशी. टोळी त्यानं आणायची."

ट्रॅक्टरमालक याच भागातला. तो म्हणाला, "मी मुकादमाला पैसे दिलेत, बँकेचं कर्ज काढून. गेल्या साली एक टोळी पळाली, सात लाख बुडाले माझे."

मुकादम आमच्याच गावचा आहे. वीस वर्षं त्यानंही ऊस तोडला. मजुरीच्या वर वीस टक्के कमिशन त्याला मिळतं आणि एखादा कोयता पळाला तर वसुलीला त्यालाच गाठतात. या धंद्यात माणसं डांबून ठेवणारे मुकादम आहेत, मारहाण करणारे आहेत, त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळं होणं कारखान्याला सोयीचं आहे, खरेदीदारालाही. मुकादम नेमलाय तोच त्यासाठी. ते वीस टक्के कारखाना फक्त माणसं आणण्याचे देत नाही. ही माणसं माझी नाहीत असं म्हणता यावं, याचेही देतो.

कायदा काही मुका नाही. 1970 च्या कंत्राटी कामगारांच्या कायद्यानंच सांगितलं होतं की कंत्राटदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं ती भरायची. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली. कर्ज फेडण्यासाठी माणसाला कामावर बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. 1982 मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या 23 व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच ठरते. भूक माणसाला जुंपते तेव्हा ती जबरदस्तीच, असा त्या निकालाचा गाभा. दादाच्या पेटीत ग्रामसेवकानं दिलेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र आहे. त्यावर तो ऊसतोड कामगार असल्याचं लिहिलंय. कुणाचा कामगार, ते नाही. माझ्या मते सगळी भानगड या एका कोऱ्या जागेत आहे. तिथं कारखान्याचं नाव आलं पाहिजे आणि त्याच्याकडून साखर घेणाऱ्याला ते वाचायला लावलं पाहिजे. ते लिहून घ्यायचं काम सरकारचं आहे. पण ज्या पक्षाचं सरकार यावं त्यात कारखानदार बसलेले, म्हणून इतकी वर्षं ती जागा कोरी आहे.

मग मी? माझी फी त्या उचलीतून गेली. मी पगारदार झालो आणि दादा तिथंच राहिला. गेल्या तीन वर्षांत त्याचं देणं फेडून टाकीन असं मी दोनदा म्हणालो आणि दोन्ही वेळा घराचा हप्ता पुढं आला. हे माझं आहे, ते मी कारखान्यावर ढकलत नाही. आणि कारखान्याचं माझ्यावर घेऊन त्याला मोकळंही सोडणार नाही.

साडेसहा

दिवस मावळला तरी ट्रॅक्टर आला नाही. बायांनी वाढ्याच्या पेंढ्या बांधून गवळ्याला विकल्या. रोख पैसा दिसतो तो एवढाच. मीठ-तेल त्यातच येतं.

रात्री सव्वाआठ

ट्रॅक्टर आला. आता भरणी. तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून चढायचं, वर टाकायची, उतरायचं. उजेड ट्रॅक्टरच्या एका दिव्याचा. दवानं फळी ओली झालेली. वहिनी चढताना बोटं वळवून फळी धरते, अनवाणी, कारण चपलेत पाय सरकतो. मी मोजायला लागलो आणि चाळीसच्या पुढं मोजवेना. पोरं पाचटावर झोपलेली. त्यातच एक बारा वर्षांची पोरगी धाकट्याला मांडीवर घेऊन जागी होती. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. मला बघून उभी राहिली, "नमस्ते सर" म्हणाली आणि लगेच खाली बसली, पोर उठेल म्हणून.

अकरा

ट्रॉली भरली. चिटबॉयनं बॅटरीच्या उजेडात चिठ्ठी लिहिली. शेतकऱ्याचं नाव, गट, गाडी नंबर, लागणीची तारीख, उसाची जात को 86032. चिठ्ठी ड्रायव्हरकडं दिली. ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागेपर्यंत दादा मागून चालत गेला, कुठं मोळी सरकलीय का बघत.

बारा वाजायला दहा मिनिटं

कोपीत दुपारचीच भाकरी, पिठलं गरम केलेलं. वहिनीनं उरलेलं पीठ डब्यात दाबून बघितलं, दोन दिवस निघतील म्हणाली. मग मोबाइल माझ्याकडं दिला. तिला गजर लावता येतो, पण बोटांत कूस गेली की काच ऐकत नाही.

"तीनचा लावा, भावजी. तुमची गाडी सातची हाय, तुम्ही झोपा निवांत."

मी तीनचा लावला.