जोडणी हवी, चार्जिंग नको : मोबाईल आणि संगणक यांच्यातील एका तारेची कथा

आपल्या समाजाच्या आठवणींचा फार मोठा ठेवा आज कागदावर नाही, मोबाईलमध्ये आहे. ठाणे, कळवा, कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली या पट्ट्यात कोकणातून, देशावरून आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे. नामांतराच्या लढ्यात १९७८ साली घोषणा देणारा तरुण आज आजोबा झाला आहे. या मंडळींचे बोलणे नातवंडे मोबाईलवर टिपून घेतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु टिपलेले बोलणे मोबाईलमध्येच राहिले, तर त्याचे आयुष्य त्या मोबाईलइतकेच. म्हणून ते संगणकावर उतरवून घ्यावे लागते, आणि तेथे एक अडचण हमखास उभी राहते. केबल जोडताच फोन चार्ज होऊ लागतो. आपल्याला हवी असते ती फक्त माहितीची देवाणघेवाण. वीज आपण मागितलेली नसते.

यात बिघडले कुठे, असे कुणी विचारील. हिशेब मांडून पाहू. आजच्या मोबाईलची बॅटरी साधारणतः पाच हजार मिलिअँपिअर-तासांची असते, म्हणजे सुमारे एकोणीस वॅट-तास. साध्या लॅपटॉपची बॅटरी चाळीस ते पन्नास वॅट-तासांची. रिकामा फोन लॅपटॉपवरून पूर्ण भरायचा म्हटले, तर वाटेतील गळती धरून लॅपटॉपची जवळजवळ निम्मी बॅटरी त्यात जाईल. घरात वीज असताना हे जाणवत नाही. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडे किंवा कल्याणच्या ग्रामीण भागात वीज गेलेली असताना, आजीची मुलाखत अर्धवट उतरलेली असताना, लॅपटॉप मिटला म्हणजे मात्र चांगलेच जाणवते. दुसरे कारण बॅटरीच्या प्रकृतीचे. वर्गात किंवा सभागृहात जुना फोन संगणकाचा कॅमेरा म्हणून कायम जोडून ठेवण्याची पद्धत २०२० च्या ऑनलाइन शिक्षणापासून रुळली आहे. असा फोन दिवसभर शंभर टक्क्यांवर तापत राहतो आणि वर्ष-दीड वर्षात त्याची बॅटरी दम सोडते.

वीज आणि माहिती एकाच केबलमधून का जातात, याला इतिहास आहे. मोबाईल येण्यापूर्वी घरोघरी असलेला तारेचा टेलिफोन घरातील दिवे गेले तरी चालू असे, कारण त्याला लागणारी वीज टेलिफोन केंद्रातून, बोलणे वाहून नेणाऱ्या त्याच तारांमधून येत असे. यूएसबीने हीच युक्ती संगणकासाठी वापरली. १९९६ साली यूएसबीचे पहिले मानक जाहीर झाले. त्यामागील अभियंत्यांपैकी एक प्रमुख नाव म्हणजे बडोद्यात शिकलेले, इंटेल कंपनीतील अजय भट्ट. तोपर्यंत कळफलक, माउस, प्रिंटर यांची भोके निरनिराळी असत. सर्वांसाठी एकच जोडणी करायची आणि छोट्या उपकरणांना वेगळा अ‍ॅडॉप्टर लागू द्यायचा नाही, हा हेतू होता. म्हणून त्या केबलमध्ये चार तारा ठेवल्या गेल्या : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. मोबाईलमध्ये मोठी बॅटरी असेल आणि तोही याच भोकातून पोट भरील, ही गोष्ट पुढची. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनसाठी टाइप-सी हेच भोक सक्तीचे केले आहे.

जुन्या यूएसबी २ भोकातून पाच व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज मिळते. यूएसबी ३ मधून साडेचार वॅट. टाइप-सी भोक पंधरा वॅटपर्यंतही देऊ शकते. म्हणजे लॅपटॉप वाचवायचा असेल तर त्याच्या बाजूचे जुने, चौकोनी, संथ भोकच बरे. नवे ते चांगलेच असते असे नाही, हे निदान येथे तरी खरे ठरते.

आता उपायांकडे वळू. प्रथम जे उपाय ऐकिवात येतात पण उपयोगी पडत नाहीत, ते सांगतो. केबल जोडल्यावर फोनच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्स्फर’ किंवा ‘नो डेटा ट्रान्स्फर’ असे पर्याय दिसतात. त्यांतील दुसरा पर्याय माहिती थांबवतो व चार्जिंग चालू ठेवतो, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या नेमके उलट. ‘माहिती चालू, चार्जिंग बंद’ असा साधा पर्याय बहुतेक फोनमध्ये ठेवलेलाच नाही. काही फोनमध्ये ‘जोडलेल्या उपकरणाला चार्ज करा’ असे दिसते, पण संगणकाशी जोडल्यावर तो पर्याय टिकेलच याची खात्री नसते.

दुसरा ‘उपाय’ म्हणजे केबलमधील लाल तार कापणे. आपले हुशार विद्यार्थी हा प्रयोग हटकून करतात. लाल तारेतून पाच व्होल्ट येतात हे खरे. परंतु फोनला आपण संगणकाला जोडले गेलो आहोत हे कळते तेच मुळी त्या पाच व्होल्टांमुळे. तार कापली की बहुतेक फोन केबल लागल्याचे मान्यच करीत नाहीत आणि माहितीही जात नाही. टाइप-सी केबलची रचना तर याहून गुंतागुंतीची आहे. तिला कात्री लावूच नये. तिसरा मार्ग संगणकावरून अँड्रॉइडला ‘तू जोडलेला नाहीस’ अशी आज्ञा देण्याचा. ती आज्ञा प्रोग्रामरच्या चाचणीसाठी आहे. तिने पडद्यावरचे चिन्ह बदलते. वीज मात्र तशीच वाहत राहते. फोन ‘रूट’ करून चार्जिंग खरोखर बंद करता येते. पण त्यात फोनची सुरक्षितता जाते आणि पुष्कळदा आतील सर्व माहिती पुसली जाते. ज्या मुलाखतीसाठी हा खटाटोप, तीच गमवायची का?

जे खरोखर साधते ते असे. चार्जिंग पूर्ण बंद करता येत नसले तरी त्याला मर्यादा घालता येते. आयफोन १५ व त्यापुढील फोनमध्ये, गुगल पिक्सेलमध्ये आणि सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावण्याची सोय आहे. मर्यादा गाठली की बॅटरीत भर पडणे थांबते. केबलमधून फार तर फोन चालण्यापुरती वीज घेतली जाते. म्हणून मुलाखत उतरवायला निघण्यापूर्वी फोन घरच्या चार्जरवर ऐंशीपर्यंत भरून घ्यावा, मगच लॅपटॉपला जोडावा. रिकामा फोन लॅपटॉपला जोडणे हीच या सगळ्यातील सर्वांत महाग गोष्ट आहे. कॅमेरा म्हणून कायम जोडलेल्या फोनलाही हीच मर्यादा लावावी. लिथियम-आयन बॅटरी काठोकाठ भरलेली राहिली, त्यातून तापली, की लवकर म्हातारी होते. पार रिकामी राहणेही तिला सोसत नाही. तथागतांनी सोण भिक्खूला दिलेला वीणेच्या तारांचा दृष्टांत येथे आठवतो : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. दृष्टांताचा असा घरगुती वापर कुणास खटकल्यास क्षमा असावी.

मर्यादेची सोय नसलेल्या फोनसाठी केबलच टाळावी. टाइप-सी टोकाचा पेनड्राइव्ह थेट फोनला लावून फाइली त्यावर उतरवता येतात. त्यासाठी लागणारी थोडीशी वीज फोनच देतो आणि लॅपटॉप मध्ये येतच नाही. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते काढून कार्ड रीडरने वाचावे. किंवा फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडावा आणि ‘क्विक शेअर’ वा ‘लोकलसेंड’ने फाइली पाठवाव्यात. याला इंटरनेट लागत नाही. उलट त्या वेळी मोबाईल डेटा बंदच ठेवावा, नाहीतर लॅपटॉप आपली अपडेट उतरवून घेत बसतो आणि दिवसाचा डेटा संपतो. तासाभराचे नुसते ध्वनिमुद्रण साठ एमबीच्या आसपास असते, ते क्षणात जाते. तासाभराचा व्हिडिओ मात्र कित्येक जीबींचा असतो. त्याला पेनड्राइव्हच बरा.

बाजारात ‘डेटा ब्लॉकर’ नावाची एक छोटी खुंटी मिळते. ती विकत घेऊन काही जण फसतात, कारण ती चार्जिंग नव्हे, माहिती अडवते. तिचे स्थान वेगळे आहे : रेल्वे स्थानकासारख्या सार्वजनिक ठिकाणच्या यूएसबी भोकाला फोन लावावा लागला तर माहितीची चोरी होऊ नये म्हणून. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या फसवणूकविषयक पुस्तिकेतही या धोक्याचा उल्लेख आहे.

एक प्रसंग असा आहे की तेथे चार्जिंग न होणे ही सोयीची नव्हे, सुरक्षिततेची बाब ठरते. कपाटात पडलेला जुना फोन, पाठीचे झाकण उचललेले, पडदा किंचित वर आलेला. आत दिवंगत वडिलांचा आवाज आहे. अशा फोनची बॅटरी फुगलेली असते. तो संगणकाला किंवा चार्जरला मुळीच लावू नये, दाबू नये, टोचू नये. त्यातून आग लागू शकते. फोन बंद करून कापड-कागदांपासून दूर ठेवावा आणि जाणत्या कारागिराकडून बॅटरी बदलून घ्यावी. बॅटरी काढली म्हणजे आतील आवाज, फोटो जातात, या समजुतीने कित्येक जण फोन तसाच ठेवतात किंवा भंगारात देतात. माहिती बॅटरीत नसते, स्वतंत्र चिपमध्ये असते. बॅटरी बदलल्यावर ती बहुधा जशीच्या तशी मिळते.

इतिहासाचा शिक्षक या तारांच्या भानगडीत का पडला, असे माजी विद्यार्थी विचारतीलच. बाबासाहेबांचे लेखन व भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडरूपाने काढली. वसंत मून यांनी त्यासाठी ठिकठिकाणची विखुरलेली कागदपत्रे जमवली म्हणून ते शक्य झाले. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूरकडे उल्हास आणि वालधुनीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा ट्रंकांमधील किती पत्रे, किती पावत्या, किती फोटो लगदा झाले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मोबाईलमधील ठेवा भिजण्याचीही वाट पाहत नाही.

उतरवून घेतलेल्या प्रत्येक फाइलला बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख द्यावी, एक प्रत पेनड्राइव्हवर व एक दुसऱ्या घरी ठेवावी. फोनमधील मूळ फाइल पुसण्यापूर्वी संगणकावरची प्रत उघडून तिचा शेवटचा मिनिट ऐकावा. मध्येच तुटलेली प्रत सुरुवातीला अगदी व्यवस्थित वाजते.