याकुत्स्क : गोठलेल्या भूमीवरील नगररचना आणि जनजीवन

प्रस्तावना

मानवाने वस्तीसाठी निवडलेल्या स्थळांचा इतिहास पाहिला असता पाणी, सुपीक जमीन आणि सुसह्य हवामान या तीन गोष्टींना सर्वत्र अग्रक्रम मिळालेला दिसतो. या सर्वसाधारण नियमाला अपवाद ठरणारी जी मोजकी शहरे जगाच्या नकाशावर आहेत, त्यांत रशियाच्या ईशान्य भागातील याकुत्स्क या शहराचा उल्लेख प्रामुख्याने करावा लागतो. साखा प्रजासत्ताकाची, म्हणजेच याकुतियाची, ही राजधानी लेना नदीच्या डाव्या तीरावर, सुमारे ६२ अंश उत्तर अक्षवृत्तावर वसलेली आहे. २०२१च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेतीन लाखांहून अधिक होती. कायम गोठलेल्या भूमीवर वसलेले जगातील सर्वात मोठे शहर म्हणून ते ओळखले जाते.

अतिशीत प्रदेशातील घराचा प्रश्न म्हणजे केवळ थंडीपासून बचाव करण्याचा प्रश्न, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः याकुत्स्कमध्ये प्रश्न दुहेरी आहे. माणसाला ऊब हवी, परंतु घराखालची जमीन मात्र गोठलेलीच राहिली पाहिजे. घराची ऊब जमिनीत उतरली, तर तेच घर खचते. या विरोधातून तेथील वास्तुशास्त्र, नगररचना आणि जीवनपद्धती घडलेली आहे.

उद्दिष्टे

१. याकुत्स्कची हवामानविषयक व भूस्तरीय वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
२. पारंपरिक व आधुनिक निवासपद्धतींमागील तत्त्वे समजून घेणे.
३. तेथील नागरी सेवा व दैनंदिन जीवनाचा परिचय करून देणे.
४. तापमानवाढीमुळे या व्यवस्थेसमोर उभ्या राहिलेल्या आव्हानाचा विचार करणे.

हवामान आणि भूमी

याकुत्स्क हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ४५० कि.मी. अंतरावर आहे. त्याहून कितीतरी उत्तरेकडील बंदरे तुलनेने उबदार असताना याकुत्स्क एवढे थंड का, याचे उत्तर त्याच्या खंडांतर्गत स्थानात आहे. समुद्राचा प्रभाव येथवर पोहोचत नाही. हिवाळ्यात सैबेरियावर जड, थंड हवेचा उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो. आकाश निरभ्र व वारा मंद असतो. त्यामुळे जमिनीतील उष्णता अवकाशात निघून जाते आणि थंड हवा नदीखोऱ्यात साचून राहते. जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. फेब्रुवारी १८९१मध्ये येथे उणे ६४.४ अंश इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली. याउलट उन्हाळ्यात पारा क्वचित ३५ अंशांच्याही वर जातो. हिवाळा आणि उन्हाळा यांतील सुमारे १०० अंशांची ही तफावत कोणत्याही बांधकाम साहित्याची कसोटी पाहणारी आहे. डिसेंबरमध्ये दिवस सुमारे पाच तासांचाच असतो, तर जूनमध्ये रात्री पूर्ण अंधार पडत नाही.

जी जमीन सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंशाखाली राहते, तिला 'पर्माफ्रॉस्ट' असे म्हणतात. रशियाचा सुमारे ६५ टक्के भूभाग या प्रकारात मोडतो. याकुत्स्कखाली हा थर २०० मीटरांहून अधिक जाडीचा आहे. उन्हाळ्यात त्याचा केवळ वरचा, साधारणतः दीड ते अडीच मीटरांचा भाग वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. यास 'सक्रिय थर' म्हणतात. येथील वार्षिक पर्जन्यमान २५० मि.मी.हूनही कमी, म्हणजे महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण तालुक्यांच्या निम्म्याच्या आसपास आहे. तरीही परिसरात लार्च वृक्षांची अरण्ये आणि असंख्य तळी आहेत. याचे कारणही पर्माफ्रॉस्टच होय, कारण गोठलेला थर पाणी खोल मुरू देत नाही.

शेर्गिनची विहीर

प्योत्र बेकेतोव्ह याने १६३२मध्ये लेनाच्या उजव्या तीरावर लाकडी गढी उभारली. सुमारे दहा वर्षांनंतर ती वस्ती सध्याच्या जागी हलविण्यात आली. पाणी मिळविण्यासाठी विहीर खणावी तर फावड्याखाली दगडासारखी गोठलेली माती लागे. हा थर कोठेतरी संपत असावा, या अपेक्षेने रशियन-अमेरिकन कंपनीचा व्यवहार पाहणाऱ्या फ्योदोर शेर्गिन याने १८२८मध्ये विहीर खणण्यास आरंभ केला. १८३७पर्यंत विहीर ११६ मीटरांहून अधिक खोल गेली; परंतु पाणी लागले नाही आणि गोठलेला थरही संपला नाही. पुढे १८४०च्या दशकात अलेक्झांडर फोन मिडेनडॉर्फ या संशोधकाने या विहिरीत निरनिराळ्या खोलीवर तापमान मोजले. पाण्यासाठी निष्फळ ठरलेली ही विहीर विज्ञानासाठी मात्र फलदायी ठरली. गोठलेल्या भूमीच्या पद्धतशीर अभ्यासाच्या प्रारंभीच्या टप्प्यात तिला महत्त्वाचे स्थान आहे. १९६०च्या दशकारंभी याच शहरात पर्माफ्रॉस्ट संशोधन संस्था आकारास आली. पुढे तिला मेल्निकोव्ह यांचे नाव देण्यात आले.

पारंपरिक निवास : बलगान व उरासा

रशियन लोक येण्यापूर्वी साखा हा तुर्की भाषाकुलातील समाज दक्षिणेकडून येऊन लेनाच्या खोऱ्यात स्थिरावला होता. गुरे आणि घोडे हे त्यांचे धन. त्यांचे हिवाळी घर 'बलगान' या नावाने ओळखले जाते. चार कोपऱ्यांना भक्कम खांब, त्यांवर तुळया आणि भोवताली आतल्या बाजूस कललेल्या उभ्या ओंडक्यांच्या भिंती, अशी त्याची रचना असे. या भिंतींवर माती व शेण यांच्या मिश्रणाचे जाड लेप दिले जात. शेणमातीने सारवण्याची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला हे साहित्य परिचित वाटेल. मात्र तेथे त्याचा मुख्य उपयोग फटी बुजवून ऊब कोंडून ठेवण्यासाठी होता. गोठा घराला जोडूनच असे. गुरांची ऊब त्यामुळे वाया जात नसे आणि गुरांना वैरण घालण्यासाठी बाहेर पडावे लागत नसे. हिवाळ्यात खिडक्यांना काचेऐवजी तळ्यातील स्वच्छ बर्फाच्या लाद्या बसविल्या जात. उन्हाळ्यात हेच कुटुंब कुरणाकडे स्थलांतर करून भूर्जाच्या सालीने मढविलेल्या 'उरासा' या शंकूच्या आकाराच्या निवासात राहत असे.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, बलगान हलके, एकमजली आणि दुरुस्तीस सोपे होते. जमीन थोडी हलली तरी ओंडके सरकवून, लेप पुन्हा देऊन घर सावरता येई. विटा, काँक्रीट आणि अनेक मजले आले तेव्हा ही लवचीकता संपुष्टात आली.

आधुनिक बांधकाम : जमीन गोठलेली ठेवण्याचे तंत्र

तापविलेली जड इमारत थेट जमिनीवर उभारली की तिची उष्णता खाली झिरपते. मातीतील बर्फ वितळते, पाणी निघून जाते आणि माती खचते. हे खचणे सर्वत्र सारखे नसल्याने भिंतींना तडे जातात. जुनी लाकडी घरे यामुळेच खिडकीपर्यंत जमिनीत रुतलेली किंवा एका अंगाला कललेली दिसतात. यावर दोन मार्ग संभवतात. पहिला म्हणजे जमीन गोठलेलीच राखणे. दुसरा म्हणजे ती आधीच वितळवून वा बर्फयुक्त माती काढून टाकून मग बांधणे. याकुत्स्कसारख्या बर्फयुक्त मातीच्या ठिकाणी पहिला मार्गच प्रामुख्याने स्वीकारण्यात आला.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सोव्हिएत उत्तरेत पाइल, म्हणजे खोल बसविलेल्या काँक्रीटच्या खांबांच्या पायाचा प्रसार झाला. नोरिल्स्क येथील अभियंते मिखाईल किम यांचे या क्षेत्रातील कार्य विशेष मानले जाते. एकेकाळी श्रमछावणीत बंदी असलेल्या किम यांना १९६६मध्ये लेनिन पारितोषिक मिळाले. या पद्धतीत गोठलेल्या जमिनीत अनेक मीटर खोल छिद्र पाडतात, त्यात खांब उभा करून भोवती चिखलाचा रांधा भरतात. काही काळाने तो गोठतो आणि खांब जमिनीशी एकजीव होतो. येथे बर्फ हाच जणू सिमेंटचे काम करतो. खांबांची टोके जमिनीच्या वर ठेवून त्यांवर इमारत उभारली जाते. जमीन आणि तळमजला यांमध्ये साधारण माणूस वाकून जाऊ शकेल एवढी मोकळी जागा राहते. हिवाळ्यात या पोकळीतून थंड हवा खेळते आणि जमिनीतील उष्णता वाहून नेते. उन्हाळ्यात इमारतीची सावली जमिनीचे रक्षण करते.

ही पोकळी रिकामी, कोरडी आणि हवेशीर ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक असते. कोणी ती बंद करून तेथे कोठार केले, गरम पाण्याची नळी गळू लागली किंवा बर्फाचे ढीग साचून हवेचा मार्ग अडला, तर दुष्परिणाम पायापर्यंत पोहोचतात. भुसभुशीत हिम हे पांघरुणासारखे काम करीत असल्याने ते हिवाळ्यात वेळीच हटविल्यास जमीन अधिक थंड होते.

जेथे एवढ्याने भागत नाही, तेथे औष्णिक नलिका पुरल्या जातात. बंद नळीतील द्रव खालच्या टोकाशी जमिनीची उष्णता घेऊन वाफ होतो, वर हिवाळी हवेत पुन्हा द्रवरूप होऊन खाली उतरतो. यास पंप लागत नाही की वीज लागत नाही. बाहेरची हवा जमिनीहून उबदार झाली की ही क्रिया आपोआप थांबते. अलास्कातील तेलवाहिनी व २००६मध्ये ल्हासापर्यंत सुरू झालेला चिंगहाय-तिबेट लोहमार्ग येथेही याच तत्त्वाचा उपयोग केलेला आहे.

उष्णता, पाणी व वाहतूक

भारतीय शहरात ज्या नळवाहिन्या जमिनीखाली असतात, त्या याकुत्स्कमध्ये मुख्यतः जमिनीवर आधारांवरून नेलेल्या दिसतात. गरम पाण्याची वाहिनी पुरली तर ती जमीन वितळवते आणि थंड पाण्याची पुरली तर ती स्वतः गोठते. म्हणून उष्णतारोधक आवरणात गुंडाळलेल्या वाहिन्या घरांच्या रांगांमधून जातात व रस्त्यावर कमानीसारख्या वर उचलल्या जातात. शहरातील बहुतांश इमारतींना मध्यवर्ती केंद्रांतून उष्णता पुरविली जाते. १९६७मध्ये नैसर्गिक वायूची वाहिनी शहरापर्यंत आल्यावर ही व्यवस्था भक्कम झाली. सप्टेंबर ते मे असा प्रदीर्घ काळ ती अखंड चालावी लागते. ऐन हिवाळ्यात पुरवठा खंडित झाल्यास काही तासांतच नळ्या फुटण्याचा धोका असतो. लाकडी घरांच्या जुन्या वस्त्यांमधून मात्र नळ व मलनिस्सारणाची सोय सर्वत्र पोहोचलेली नाही. ग्रामीण भागात हिवाळ्याच्या आरंभी तळ्यातील बर्फाच्या लाद्या कापून अंगणात रचून ठेवतात आणि लागेल तसा बर्फ वितळवून पिण्यास वापरतात.

वाहतूकही ऋतूच्या अधीन आहे. उन्हाळ्यात लेना नदी नावेने पार करतात. हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरूनच वाहने धावतात. बर्फ धरण्याच्या व फुटण्याच्या संधिकाळात हे दोन्ही मार्ग बंद पडतात. शहराकडे येणारा लोहमार्ग उजव्या तीरावरील निझ्नी बेस्त्याख येथे थांबतो. तेथून प्रवासी वाहतूक २०१९मध्ये सुरू झाली.

दैनंदिन जीवन

तीन पदरी काचा, एकामागून एक दोन-तीन दरवाजे आणि आत भरपूर ऊब, असे घराचे स्वरूप असते. बाहेर पडताना थरावर थर कपडे, केसाळ टोपी आणि रेनडियरच्या कातड्याचे बूट अपरिहार्य ठरतात. धातूच्या काड्यांचा चष्मा त्वचेला चिकटतो. उणे ४० अंशांखाली वाहनांच्या व धुराड्यांच्या वाफेचे सूक्ष्म हिमकण होऊन दाट हिमधुके पसरते व काही मीटरांपलीकडचे दिसत नाही. गाड्या ऊबदार गॅरेजमध्ये ठेवतात किंवा त्यांच्यावर जाड रजईसारखे आवरण घालतात. पारा उणे ४५ अंशांच्या आसपास उतरला की सर्वसाधारणपणे लहान मुलांच्या शाळेला सुटी मिळते. मोठ्या मुलांना त्यासाठी आणखी कडक थंडीची वाट पाहावी लागते. बाजारात मासे गोठलेल्या अवस्थेत उभे रचून विकले जातात व त्यांचे पातळ काप, म्हणजे 'स्त्रोगानिना', तसेच गोठलेले खाल्ले जातात. जमिनीत खणलेले शीततळघर हे उन्हाळ्यातही मांस-मासे टिकविणारे विनावीज शीतगृह होय. जूनमधील 'इस्याख' हा सूर्याच्या स्वागताचा उत्सव या समाजात सर्वात मोठा मानला जावा, हे स्वाभाविकच आहे.

तापमानवाढीचे आव्हान

गोठलेल्या मातीची भारवहनशक्ती तिच्या तापमानावर अवलंबून असते. ती वितळण्यापूर्वीच, केवळ शून्याकडे सरकू लागली तरी, खांबांवरील तिची पकड सैल होते. १९६० व ७०च्या दशकांतील इमारतींची गणिते त्या काळच्या तापमानावर आधारलेली होती. रशियाचा भूभाग मात्र जागतिक सरासरीच्या सुमारे अडीच पट वेगाने तापत आहे. जून २०२०मध्ये याकुतियातीलच वर्खोयान्स्क येथे ३८ अंश तापमान नोंदले गेले. चुरापचा येथील जुन्या विमानतळाची धावपट्टी जमिनीतील बर्फ वितळल्यामुळे टेकाडांनी व दलदलीने व्यापली आहे.

तथापि प्रत्येक तड्याचे खापर हवामानावर फोडणे योग्य ठरणार नाही. मे २०२०मध्ये नोरिल्स्क येथे इंधनाची टाकी खचून सुमारे २० हजार टन डिझेल सांडले. त्या वेळी प्रथम पर्माफ्रॉस्ट वितळण्याकडे बोट दाखविण्यात आले. परंतु नंतरच्या शासकीय तपासात रचना, बांधकाम व देखरेखीतील त्रुटी पुढे आल्या. शहरांतील नळगळती, सांडपाणी आणि दुर्लक्षित पोकळ्या यांचा वाटाही मोठा असतो. हवामानाची वाढ ही सुरक्षेची शिल्लक कमी करते आणि पूर्वी खपून जाणारी हेळसांड त्यामुळे घातक ठरते. २०१८मध्ये साखा प्रजासत्ताकाने पर्माफ्रॉस्टच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला, ही या संदर्भात उल्लेखनीय घटना होय. नव्या इमारतींना अधिक खोल खांब व नलिका देता येतात. परंतु जुन्या इमारतींतील सामान्य रहिवासी आणि गावातील लाकडी घरांचे मालक यांना हा खर्च कसा पेलावा, हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच सामाजिक आहे.

निष्कर्ष

१. याकुत्स्कमधील वास्तुरचनेचे मूळ सूत्र घर उबदार व जमीन गोठलेली ठेवणे हे आहे.
२. बलगानपासून खांबांवरील बहुमजली इमारतीपर्यंत निवासाचे स्वरूप बदलले. पारंपरिक घर जमिनीच्या हालचालीशी जुळवून घेत होते. आधुनिक इमारत जमीन स्थिर राहील हे गृहीत धरते.
३. हे गृहीतक टिकविण्यासाठी थंडी आवश्यक आहे. जी थंडी शत्रू मानली गेली, तीच या शहराचा आधारस्तंभ आहे.
४. देखभाल, सांडपाण्याचा निचरा व जमिनीच्या तापमानाचे सातत्यपूर्ण मापन या बाबी अतिशीत शहरात पायाभूत सुविधांचाच भाग मानल्या पाहिजेत.

भूमीचा स्वभाव ओळखून बांधावे, हे तत्त्व सर्वच प्रदेशांना लागू आहे. याकुत्स्कमध्ये ते न पाळल्याची किंमत लवकर व उघडपणे मोजावी लागते, म्हणूनच भूगोल, स्थापत्य आणि समाजशास्त्र या तिन्ही विद्याशाखांच्या अभ्यासकांना हे शहर सारखेच उद्बोधक ठरते.