सिगारेट सोडल्यावरचे पहिले तीन आठवडे: काही गैरसमज

सिगारेट सोडून तिसरा दिवस. डोकं जड, झोप उडालेली, पोट साफ नाही, खोकला वाढलेला, आणि घरातल्या प्रत्येकाचं बोलणं अंगावर येतंय. टपरीवरचा मित्र म्हणतो, ‘अरे, शरीराला सवय झालीय. एकदम सोडणं बरं नव्हे.’ हे पटतं, कारण पुरावा आपल्याच अंगात असतो. परवा ओढत होतो तेव्हा ठणठणीत होतो, आज सोडली तर आजारी पडलो. सोडलेल्यांपैकी पुष्कळ जण पहिल्या आठवड्यातच पुन्हा ओढू लागतात, आणि अनेकांना वाटत असतं की आपण शरीराचं ऐकतोय. शरीर काहीतरी सांगत असतं हे खरं, पण आपण त्याचा अर्थ भलताच लावतो.

सगळ्यात मोठी भीती अशी की तीन दिवसांत हे हाल, तर पुढे काय होणार! प्रत्यक्षात दुसरा-तिसरा दिवस हाच बहुतेकांसाठी सर्वांत कठीण असतो. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणूनच रात्रभराच्या झोपेनंतर सकाळची पहिली सिगारेट सगळ्यात जास्त हवीशी वाटते. दोन-तीन दिवसांत ते शरीरातून जवळजवळ संपतं. पण वर्षानुवर्षं निकोटिन मिळत राहिल्यामुळे मेंदूत ते पकडणाऱ्या जागा वाढलेल्या असतात, आणि आता त्या रिकाम्या पडतात. चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणं हे सगळं तिथून येतं. या वाढीव जागा काही आठवड्यांत कमी होतात. त्रास पहिल्या आठवड्यात टोकाला जातो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचा ओसरतो. भूक मात्र त्यानंतरही काही काळ वाढलेली राहते.

तलफेचंही असंच आहे. ‘आली की ओढल्याशिवाय जात नाही’ असं वाटतं, कारण आजवर ती ओढूनच घालवली. न ओढता थांबून पाहिलं तर बहुतेक वेळा ती पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढ्यात उठून जागा बदला, पाणी प्या, कुणाला तरी फोन लावा. जिथे नेहमी ओढायचात त्या गॅलरीत उभं राहून तलफेशी झुंजू नका. ती जागाच तिच्या बाजूची असते.

आता चहाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला सांगितली जात नाही. सोडल्यावर छातीत धडधडतं, हात थरथरतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. सगळा दोष ‘सिगारेट बंद झाली’ याच्या खात्यावर जातो. त्यातला काही वाटा कटिंगचा असतो. तंबाखूच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोमाने काम करतं, आणि कॅफिन शरीराबाहेर टाकण्याचं काम त्याच एन्झाइमकडे असतं. त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातून चहा-कॉफीचं कॅफिन लवकर निघून जातं. धूर बंद झाला की काही दिवसांतच हा वेग मंदावतो. कप तेवढेच राहतात, पण रक्तातलं कॅफिन बरंच वाढतं. म्हणजे सहा कप पिणारा माणूस त्याच सहा कपांत पूर्वीच्या मानाने किती तरी जास्त चहा ‘पीत’ असतो. उपाय सोपा आहे: सोडल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा, आणि संध्याकाळनंतर घेऊच नका. एकदम बंदही करू नका, नाहीतर चहा सुटल्याची डोकेदुखी वेगळी लागते. शिवाय चहा म्हटला की टपरी आली, आणि टपरीवर सुट्टी सिगारेट. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्टी सिगारेट आणि विडी विकायला बंदी आहे. टपरीवाल्याला हे ठाऊक आहे असं त्याच्याकडे पाहून वाटत नाही, तो भाग वेगळा.

हेच एन्झाइम काही औषधंही पचवतं: दम्यासाठी दिलं जाणारं थिओफिलिन, मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन. ही औषधं चालू असतील तर सिगारेट बंद केल्याचं डॉक्टरांना लगेच सांगा, कारण डोस कमी करावा लागू शकतो. मधुमेह असेल तर सुरुवातीचे काही आठवडे साखर जरा जास्त वेळा तपासा.

खोकल्यामुळे माणसं खरोखर घाबरतात. ‘ओढत होतो तेव्हा एवढा खोकला नव्हता, सोडल्यावर छाती भरली,’ हे वाक्य प्रत्येक डॉक्टरने ऐकलेलं असतं. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांसारखी लव असते. कफ आणि धूळ वर ढकलून बाहेर काढणं हे तिचं काम. धुरामुळे ती लुळी पडते. सोडल्यावर ती हळूहळू कामाला लागते आणि इतके दिवस आत साठलेला ऐवज बाहेर येऊ लागतो. काही जणांना काही आठवडे कफ सुटत राहतो, काहींना जराही नाही. मात्र कफात रक्त दिसलं, छातीत दुखू लागलं किंवा धाप लागू लागली, तर ‘सोडल्यामुळे असेल’ म्हणून घरी बसू नका. दवाखान्यात जा.

पोटाची तक्रार लोक मोठ्याने बोलत नाहीत, पण सकाळची सिगारेट पुन्हा सुरू करायला तेवढी पुरते. ‘ओढल्याशिवाय कोठा साफ होत नाही’ हा निव्वळ मनाचा खेळ नाही. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, आणि ते बंद झालं की काही जणांना खरंच बद्धकोष्ठ होतं. चुकीचं आहे ते पुढचं गृहीतक: की आता हे कायमचंच. आतडी काही आठवड्यांत आपली लय पकडतात. तोवर सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाज्या, रात्री भिजवलेल्या मनुका, थोडं चालणं, आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल.

तोंड आल्यावर मात्र आपल्याकडे एकच शंका येते: कर्करोगाची. सोडल्यानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत अनेकांना तोंडात बारीक फोड येतात. हा सोडण्याच्या काळातला ओळखीचा त्रास आहे आणि साधारण महिनाभरात जातो. पण एकच जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर दंतवैद्याला दाखवाच. ज्याने अनेक वर्षं तंबाखू वापरली त्याने ही तपासणी तशीही करून घ्यावी.

‘सिगारेट ओढली की टेन्शन उतरतं’ या समजाइतका चिवट समज दुसरा नसेल. उतरतं हे खरंच. पण कुठलं टेन्शन? मागची सिगारेट संपून दीड-दोन तास झाले, निकोटिन उतरू लागलं, आणि त्यातून जी अस्वस्थता चढली ती पुढच्या सिगारेटने शमली. सावकाराचा सकाळचा हप्ता फेडायला दुपारी त्याच्याचकडून उसने घ्यायचे आणि संध्याकाळी ‘अडीअडचणीला हाच धावून येतो’ म्हणून त्याचे गोडवे गायचे, असा हा व्यवहार आहे. ऑफिसातल्या साहेबाचं बोलणं, मुलीच्या प्रवेशाची काळजी, घराचा हप्ता, यातलं काहीही धुराने हलत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झाल्याचं त्यात दिसलं. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही. अर्थात, हा हिशेब पहिल्या आठवड्याचा नाही, काही आठवड्यांनंतरचा आहे. पहिल्या आठवड्यात तुम्ही चिडणार. घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा. आणि उदासी फार खोल जात असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर एकटे राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

वजन वाढतं का? वाढतं. सरासरी चार-पाच किलो, पहिल्या वर्षात, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. सगळ्यांचं नाही, काहींचं उलट कमी होतं. या वाढीपेक्षा सिगारेटचा धोका कैक पटींनी मोठा आहे, म्हणून सोडणं आणि कडक डाएट एकाच सोमवारी सुरू करू नका. आधी सिगारेट. फरसाणाचा डबा मात्र हाताशी ठेवू नका, तिथे चणे किंवा काकडी ठेवा.

आता सोडणारे स्वतःशी करतात त्या तडजोडींबद्दल. ‘वीसवरून दोनवर आलो, म्हणजे जवळजवळ सोडलीच.’ फुप्फुसांच्या कर्करोगापुरता कमी ओढण्याचा फायदा आहे, पण हृदय असं प्रमाणात हिशेब करत नाही. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो. शिवाय त्या दोन सिगारेटी तलफ जिवंत ठेवतात. ज्यांनी ठरवलेल्या दिवशी एकदम बंद केली त्यांना, हळूहळू कमी करत गेलेल्यांपेक्षा जास्त यश मिळाल्याचं एका मोठ्या ब्रिटिश चाचणीतही दिसलं.

दुसरी तडजोड म्हणजे विडी. ‘पानात गुंडाळलेली, नैसर्गिक.’ तेंदूचं पान नीट जळत नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी जोरात आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात, आणि निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातं. तिसरी तडजोड खास आपल्याकडची, आणि मला तीच सर्वांत घातक वाटते: सिगारेट सुटावी म्हणून तंबाखू-चुना, मावा किंवा मिश्री. महाराष्ट्रात तसेही धूर ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे कैक पटींनी जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, आणि ओढणारे चार टक्क्यांच्या आत. त्यामुळे ही वाट नेहमी शेजारीच असते. तिने तलफ भागते, कारण निकोटिन तेच, आणि त्याबरोबर तोंडाच्या कर्करोगाचा धोका घरी येतो. नुसती सुपारीही निर्धोक नाही. तीही कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेली आहे. तोंडात काही हवंच असेल तर बडीशेप, लवंग, वेलदोडा, आवळकाठी.

‘निकोटिनचं गम म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणं’ असं म्हणत अनेक जण नुसत्या निग्रहावर उतरतात. मदतीविना सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात, यात निग्रहाचा अपमान नाही. गम किंवा पॅचमुळे यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या उपचाराचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. कर्करोग होतो तो मुख्यतः धुरातल्या रसायनांमुळे. निकोटिन सवय लावतं, पण सिगारेटमधलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत धडकतं, गममधलं सावकाश झिरपतं, म्हणून त्याची तशी चटक लागत नाही. आपल्याकडे गम फसतं ते चघळण्याच्या पद्धतीमुळे. साध्या च्युइंगगमसारखं भराभरा चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस म्हणतो ‘मला हे लागू पडत नाही’. चार-सहा वेळा हळू चावा, तोंडात तिखट चुणचुण जाणवली की गालाच्या कोपऱ्यात दाबून ठेवा, चुणचुण गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी, सरबत काही नको. किती मिलिग्रॅमचं आणि किती वेळा, हे डॉक्टरांना विचारा. हृदयरोग किंवा गरोदरपण असेल तर त्यांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

‘आता या वयात सोडून काय मिळणार?’ याचं उत्तर रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी देऊन ठेवलं आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ साली त्यांनी सुरू केलेला अभ्यास पन्नास वर्षं चालला. २००४ च्या निष्कर्षांनुसार ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं लवकर गेले. साठाव्या वर्षी सोडलेल्यांना त्यातली सुमारे तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत जवळपास सगळी.

आणि समजा, आठव्या दिवशी मित्राच्या लग्नात एक ओढलीच. ‘संपलं सगळं’ म्हणून दुसऱ्या दिवशी पाकीट आणण्यात खरी हार आहे, त्या एकात नाही. पण ‘एकाने काय होतं’ हेही खरं नाही, कारण पहिल्या काही आठवड्यांत एकामागून दुसरी फार लवकर येते. म्हणून उरलेलं पाकीट तिथेच मोडा, आणि कुठे, कुणाबरोबर, कशामुळे हात गेला तेवढं लिहून ठेवा. बहुतेक कायमचं सोडलेल्यांनी आधी एकदा तरी असंच सोडून पुन्हा धरलेलं असतं. तेवढ्यावर भागत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. फोन मोफत आहे, आणि मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र आहे. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला मदत करतात. हा नंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, तेव्हा पाकीट मोडण्याआधी तो उतरवून घ्या.