शियामेनला जाताय? पासपोर्ट जवळ ठेवा!

शियामेन हे चीनच्या फूच्येन प्रांतातील बेटावर वसलेले बंदर. पै-पै साठवून परदेशी निघालेल्या कुटुंबाचा एक दिवसही वाया जाऊ नये, म्हणून आम्ही काही उपयुक्त गोष्टी देत आहोत.

भारतीयांनी व्हिसा आधीच काढावा. हॉटेलात उतरल्यास पोलिसांकडील नोंद हॉटेलवाले करतात. ओळखीच्या घरी राहिल्यास ती आपण २४ तासांत करावी.

दुकानात बहुतेक लोक मोबाइलनेच पैसे देतात. अलीपे किंवा वीचॅटला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड घरूनच जोडून घ्यावे. थोडे युआन रोखही ठेवावेत. गूगल, व्हॉट्सअॅप तेथे बंद असतात. म्हणून हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत कागदावर लिहून घ्यावा.

गुलांगयू बेट २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथे मोटारी नाहीत, चढउतार बराच आहे; वृद्धांना जपावे. दिवसा पर्यटकांची बोट तोंगतूच्या धक्क्यावरून सुटते. तिकिटाला पासपोर्ट लागतोच.

थांग काळापासूनची परंपरा सांगणारा नानपुतुओ बौद्ध विहार जरूर पाहावा. तेथे १९२५ साली बौद्ध विद्यालय सुरू झाले. विहाराच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळते.

नळाचे पाणी उकळूनच प्यावे. जुलै ते सप्टेंबर वादळांचा काळ असतो, तो टाळावा. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी १२० हे क्रमांक मुलांकडूनही पाठ करून घ्यावेत. हे कात्रण पासपोर्टसोबतच ठेवावे, ही विनंती.